डोक्याचा लाडू

नागपूरला जाऊन आले म्हटलं की आमच्या इचलकरंजीत पहिला प्रश्न संत्र्यांचा येतो. आणली का, गोड होती का, बिया फार होत्या का. मी आणली होती आणि वाटलीही. पण या वेळी मी माझी थोरली बहीण सुशीला हिच्या वर्षश्राद्धाला गेले होते, आणि पाच दिवसांत जे पाहिलं ते शेजाऱ्यांच्या हातावर फोडीसारखं ठेवता येत नाही. म्हणून लिहिते आहे. सावकाश लिहिते आहे, कारण रागाच्या भरात लिहिलेलं मलाच दुसऱ्या दिवशी वाचवत नाही. परत येऊन दोन महिने झाले, तरी राग गेलेला नाही.

आमचं माहेर मागवाल्यांचं. ताईचं सासरही तसंच. पूर्व नागपुरात त्यांचे चार हातमाग होते आणि त्यांवर रेशीमकाठी लुगडी निघत. ताईच्या लग्नानंतर काही वर्षांतच माग बंद पडले. घर विकलं, भावांत वाटे झाले, आणि ताईचे यजमान वसंतराव, ज्यांना मी भाऊजी म्हणते, हिंगण्याच्या बाजूला एका कारखान्यात लागले. तिथे जुन्या बॅटऱ्या फोडतात, त्यांतलं शिसं भट्टीत वितळवतात आणि त्याच्या लाद्या पाडतात. भाऊजींनी तिथे एकोणीस वर्षं काढली. आता त्यांचा मुलगा नीलेश तिथेच आहे.

ताई गेली ती मूत्रपिंडं निकामी होऊन. पण त्याआधी तीन वर्षं ती हळूहळू आमच्यातून जात होती. फोनवर माझं नाव विसरायची आणि मग लाजून हसायची. पोळी लाटताना हात कापायचा. चहात दोनदा साखर घालायची आणि कोणी सांगितलं तर रडायची. शेवटच्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरने नवरा काय करतो ते विचारलं, रक्त तपासायला पाठवलं, आणि त्यात शिसं निघालं. घरात कोणालाच पटलं नाही. ती तर कारखान्याच्या फाटकापर्यंतही कधी गेली नव्हती. आणि खाण्याच्या बाबतीत तिच्याइतकी जपणारी बाई त्या वस्तीत नव्हती.

हे जपणं मी तिला शिकवलं होतं. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली. माहिती शोधून देणं हाच माझा धंदा. भाऊजी शिशाच्या कारखान्यात आहेत म्हणून मी वाचायला लागले. शिसं मेंदूत पोचलं की पेशींना आतून गंज चढावा तसं काहीतरी सुरू होतं, आणि आवळा, संत्री, लसूण, हळद, कांदा, हिरव्या भाज्या यांतली काही द्रव्यं तो गंज आवरतात, असं वाचलं. अँटिऑक्सिडंट हा शब्द मी तिला फोनवर तीनदा सांगितला. तिने त्याचं ‘तुझं ते अँटी’ करून टाकलं. ‘आज तुझं ते अँटी केलं व्हतं वं, लसणाची चटणी,’ असं म्हणायची. नागपुरात राहून तिची बोली पुरती तिकडची झाली होती. प्रयोग बहुतेक उंदरांवरचे आहेत आणि माणसांबद्दल अजून खात्रीने सांगता येत नाही, ही त्याच पानावरची पुढची ओळही मी वाचली होती. ती तिला सांगितली नाही. मला तिला धीर द्यायचा होता.

हिंगण्याकडची वस्ती

औद्योगिक वसाहतीच्या मागच्या अंगाला ही वस्ती आहे. पत्र्याची आणि स्लॅबची मिसळलेली घरं, प्रत्येक दारात मोटारसायकल, दाराबाहेर धुण्याचा दगड. डिसेंबरचं ऊन आमच्याकडच्यापेक्षा कोरडं आणि स्वच्छ होतं. सकाळी अंगणात बसलं की उठवत नाही. नीलेशची बायको राणी कुहीकडची, धानाच्या गावातली. तिने पहिल्याच दुपारी वडाभात केला. मोकळ्या भातावर डाळीचा तळलेला वडा कुस्करायचा आणि वरून लाल मिरची-हिंगाची कढत फोडणी ओतायची. आमच्याकडे पाहुण्याला इतकं उघड तेल कोणी वाढणार नाही. मी जपून खात होते तर राणी म्हणाली की कोल्हापूरकडचे लोक तिखट खातात हे तिने नुसतं ऐकलंच होतं म्हणायचं. घरात दुखवटा असताना थट्टा करावी की नाही, हा प्रश्न तिला पडत नाही. मला ती लगेच आवडली.

तिची मुलगी चिमी सव्वा वर्षाची. अजून चालत नाही. भिंतीला धरून उभी राहते, दोन पावलं टाकते आणि बसून घेते. बोलणंही थोडंच. उशिरा बोलणारी मुलं असतात, आमच्याही घरात होती, असं मी राणीला म्हटलं. पुन्हा धीर देणं.

साडेतीनला नीलेश पहिली पाळी संपवून आला. निळा गणवेश, डोक्याला बांधलेला दुपट्टा, भुवयांवर राखेसारखा थर. माझ्या पाया पडायला वाकला आणि मग थेट चिमीकडे गेला. ती त्याला पाहून रांगत निघालीच होती. त्याने सदऱ्याच्या खिशातून कागदात गुंडाळलेला लाडू काढला, अर्धा तोडून तिच्या हातात दिला आणि म्हणाला, ‘घे वं माय, डोक्याचा लाडू.’

मी विचारलं तेव्हा त्याने कौतुकाने सांगितलं. कारखान्यात पूर्वी पाळी सुटताना गुळाचा खडा देत. धूळ खाली जाते म्हणत. त्या जागी गेली सहा-सात वर्षं आवळा, गूळ, तीळ, जवस आणि हळदीचा लाडू मिळतो. एक छापील पत्रकही आहे. नीलेशने ते देवाच्या फोटोमागून काढून दाखवलं. मेंदूचं रंगीत चित्र, भोवती आवळा, संत्रं, लसूण आणि पालक, आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं की आहारातून मेंदूचे रक्षण करा. कामगार त्या लाडवाला डोक्याचा लाडू म्हणतात. स्वतः खाण्यापेक्षा बहुतेक जण तो घरी आणतात. पोरांच्या डोक्याला चांगला.

आणि मी खूश झाले. आज लिहिताना लाज वाटते, पण झाले होते. निदान एका कारखान्याने तरी काही वाचलं आहे असं वाटलं. लाडवात काय किती घालतात ते मी वहीत उतरवूनही घेतलं.

वेगळी बादली

दुसरा दिवस श्राद्धाचा. पाहुणे यायच्या आत आपण उपयोगी पडावं म्हणून मी सकाळी बाहेरच्या दगडाशी गेले. माझी फिकट पिवळी साडी साबणाच्या पाण्यात भिजवली, आणि पाणी वाया कशाला घालवायचं म्हणून नीलेशचा गणवेशही त्यातच बुडवला. दहा मिनिटांनी पाहते तर पाणी ओल्या राखेसारखं झालेलं आणि साडी कायमची करडी.

राणी पोळ्या टाकून धावत आली. ‘अवं मावशी, ते काहून टाकलं त्याच्यात? त्याची बादली वेगळी हाय ना.’

मग तिने मला पद्धत समजावली. ताईने तिला शिकवलेली. गणवेश आधी अंगणात नेऊन झटकायचा, दोन्ही बाह्या, मग पँटचे पाय. मग काळ्या बादलीत भिजवायचा. झटकल्याशिवाय भिजवला तर पाणी तीनदा बदलावं लागतं. हे सांगताना तिने दोरीवरचा दुसरा सदरा घेऊन झटकून दाखवला. उन्हात धूळ दिसली. बारीक, जड, लगेच खाली बसणारी. चिमी तिथेच पायरीजवळ बसून ओल्या मातीत बोटं घालत होती आणि ती बोटं तोंडात घालत होती.

मी राणीला विचारलं, ताई किती वर्षं हे धूत होती. ती म्हणाली, बाबा कामाला लागले तेव्हापासून.

एकोणीस वर्षं, आठवड्याचे सहा दिवस. आधी झटकायचं, मग भिजवायचं. इतकी पुस्तकं वाचून मला हे कधी सुचलं नव्हतं की शिशाच्या कारखान्यातून घरी काय येत असेल. मी तिला काय खावं ते सांगत राहिले. ती काय धुते ते एकदाही विचारलं नाही.

दुपारी गुरुजी आले, पिंड झाले, खीर-वडे झाले. पंधरा-वीस नातेवाईक होते. ताईच्या सासरी श्राद्धाच्या पंगतीत गेलेल्या माणसाबद्दल एकेकाने काही चांगलं बोलायची रीत आहे. आमच्याकडे आपण गप्प जेवतो. सगळे ताईच्या खाण्याबद्दल बोलले. बाहेरचं खात नव्हती. रोज एक आवळा. भाऊजी म्हणाले, ‘लाडू बी खाये. तिले गोड नाही आवडे, पण त्यात आवळा हाय ना, अन् आवळा खाय म्हणून निर्मलानं फोनवर सांगतलं, तर खाये.’

निर्मला म्हणजे मी. हे त्यांनी माझं कौतुक म्हणून सांगितलं.

काट्याजवळ

तिसऱ्या दिवशी मी कारखान्यात गेले. गणवेश कारखान्यातच धुवायची सोय करा, एवढंच सांगायचं माझ्या मनात होतं. नीलेशची पाळी संपायच्या सुमाराला या, तेव्हा साहेब मोकळे असतात, असा निरोप होता. साहेब म्हणजे कामगार कल्याणाचं पाहणारा, तिशीतला, मृदू बोलणारा माणूस. त्याने चहा मागवला. मी ग्रंथपाल होते हे ऐकून त्याला आनंद झाला. आम्हालाही वाचनकोपरा करायचा आहे म्हणाला. भिंतीवर तेच मेंदूचं चित्र मोठं करून लावलेलं होतं.

मी गणवेशांचा विषय काढला. तो म्हणाला की धुलाईचा विचार चालू आहे, बरीच वर्षं चालू आहे, पण सध्या त्यांचा भर आहारावर आहे. आहाराने शरीराची आतली ताकद वाढते. ही वाक्यं माझ्या ओळखीची होती. ती मीच वर्षानुवर्षं टेलिफोनवर म्हटली होती. फरक एवढाच की माझ्या हातात भट्टी नव्हती.

लाडू वाटप पाहायचं का, असं त्यानेच विचारलं. त्याला दाखवायचं होतं. शेडकडे जाताना त्याने मला नाकावर लावायचा मास्क दिला, डब्यासारखा, दोन्ही बाजूंना गाळण्या असलेला. आत गेल्यावर पाहिलं तर तसा मास्क माझ्या आणि त्याच्याच तोंडावर होता. बाकीच्यांनी दुपट्टे गुंडाळले होते, आणि भट्टीवरचा धूर ओढून घेणारं यंत्र बंद होतं. पाहुणीचा मेंदू अर्धा तास सांभाळण्याइतकी काळजी त्या कारखान्याकडे होती.

भट्टीच्या शेडच्या टोकाला लाद्या तोलायचा काटा आहे. त्याच्या शेजारी टेबलावर स्टीलचे दोन डबे ठेवले होते. भोंगा झाला. माणसं रांगेने आली. पहिल्याने उजव्या हाताचा मोजा दातांनी धरून ओढून काढला, काळा हात पुढे केला, लाडू घेतला, वहीवर अंगठा लावला. दुसऱ्याने तसंच. तिसऱ्याने लाडू दोन बोटांत धरून अर्धा खाल्ला आणि अर्धा सदऱ्याच्या खिशात टाकला, बिड्यांच्या बंडलाशेजारी. मी मोजत नव्हते, पण खिशात टाकणारे अधिक होते. लाडवावर बोटांचे ठसे उमटलेले मला चार हातांवरून दिसत होते.

मी साहेबांना विचारलं की हात कुठे धुतात.

‘गेटवर मॅडम. नवीन बेसिन बसवलंय, हात नेला की आपोआप पाणी येतं.’

‘मग लाडू गेटवर का नाही देत?’

‘गेटवर गर्दी होते. एकेक जण दोन-दोन उचलतो. इथे काट्याजवळ कंट्रोल राहतो.’

मी म्हटलं की हे लाडू ते घरी नेतात, मुलांना देतात. या हातांनी, या खिशांतून.

त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग समजावणीच्या सुरात म्हणाला, ‘चांगलंच आहे ना मॅडम. फॅमिलीलाही फायदा.’

मला वाटलं होतं तो चपापेल. तो चपापला नाही, आणि तो दुष्टही नव्हता. आवळ्यातलं द्रव्य मेंदूपर्यंत कसं जातं हे त्याला ठाऊक होतं. शिसं तोंडापर्यंत कसं जातं हे त्याच्या डोळ्यांसमोर रोज दुपारी तीन वाजता घडत होतं आणि त्याने ते पाहिलं नव्हतं, कारण तो वही पाहत होता. दोन लाडू कोणी उचलू नयेत म्हणून बांधलेली ही व्यवस्था. तेवढ्यासाठी एका वस्तीतल्या लेकरांना विषाचा खाऊ पोचत होता, आणि पोचवणारे होते त्यांचे बाप, स्वतःच्या तोंडचा घास राखून.

रांगेत नीलेशही होता. मला पाहून हसला. त्याने लाडू कागदात नीट गुंडाळला आणि छातीवरच्या खिशात ठेवला.

भाऊजी

मोटारसायकलवर मी त्याच्या मागे बसले. घरी पोचल्यावर चिमी रांगत आली. त्याने खिशात हात घातला तेव्हा मी त्याचं मनगट धरलं.

सांगायला फार वेळ लागला नाही. राणीला लगेच कळलं. तिने चिमीला उचललं, नळाखाली धरलं आणि तिचे हात घासायला लागली, पोर रडेपर्यंत. नीलेशला ते कळून घ्यायचं नव्हतं. तो चिडला.

‘मावशी, तू दोन दिस झाले आली, अन् मले सांगतं का मीच माह्या पोरीले जहर चारून राहिलो?’

मी म्हटलं, तू नाही, ज्याने तो डबा काट्याजवळ ठेवला त्याने. पण हे वाक्य त्या वेळी त्याच्या काही उपयोगाचं नव्हतं. तो म्हणत राहिला की पत्रकात डॉक्टरांनी लिहिलंय, कंपनी पैसे घालून देते, खराब असतं तर देती का. राणी नळापाशी वळून म्हणाली, ‘कंपनीनं लाडू देल्ला तर तुमाले वाटलं जावईच करून घेतलं त्यायनं.’

भाऊजी खाटेवर बसलेले होते. त्यांना हल्ली कमी ऐकू येतं आणि गोष्टी मध्येच निसटतात. आम्ही त्यांना वगळून बोलतो, ही आमची चूक. त्यांनी सगळं ऐकलं होतं. हाताची थरथर आवरायला त्यांनी एक हात दुसऱ्याखाली दाबून धरला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘मी तर अर्धा बी खाल्ला नाही कधी. पुराच्या पुरा तिलेच देत होतो.’

मग त्यांनी विचारलं, ‘काहून नाही सांगतलं आमाले कोणं?’

या प्रश्नाला उत्तर देण्यासारखी एकच व्यक्ती तिथे होती, आणि ती मी होते. लाडवानेच ताई गेली असं मी म्हणू शकत नाही. धुण्यातून किती गेलं, लाडवातून किती, अंगणातल्या मातीतून किती, हे आता कोणीही वेगळं करून दाखवू शकणार नाही. मी भाऊजींना तेच सांगितलं. त्यांनी मान हलवली. पटलं म्हणून नाही, माझं मन राखायला.

दवाखान्यात

चौथ्या दिवशी आम्ही चिमीला शहरात नेलं. ओळखीतून एक बालरोगतज्ज्ञ बाई मिळाल्या. रक्त तपासायला पाठवलं. अहवाल दुसऱ्या दिवशी मिळाला. आकडा मी इथे लिहीत नाही. मुलाच्या रक्तात असू नये तितकं शिसं होतं, आणि अजून उशीर झालेला नव्हता, ही दोन्ही वाक्यं बाईंनी एकाच सुरात सांगितली.

नीलेशने सगळ्यांत आधी विचारलं की काय खाऊ घालू. आवळा देऊ का, संत्र्याचा रस देऊ का. बाई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, सगळं द्या. लोह कमी असलं की शिसं जास्त शोषलं जातं, म्हणून पालेभाजी द्या, दूध द्या, संत्रं द्या, रिकाम्या पोटी ठेवू नका. खाण्याचा उपयोग आहे. ‘पण तुम्ही अंगणात शिसं झटकत असाल तर ताटात काहीही वाढलं तरी ताट हरणार. आधी ते घरात येणं बंद करा. मग तिला वर्षभर संत्री खाऊ घाला, मला काही हरकत नाही.’

हे वाक्य त्या पत्रकावर छापायला कितीशी शाई लागली असती? त्यासाठी संशोधनही नको होतं. साबण, पाणी, कपडे बदलायची खोली आणि मेंदूच्या चित्राऐवजी हाताचं चित्र एवढंच लागलं असतं. पण हात धुवा म्हटलं की हात कशाने माखले ते सांगावं लागतं, आणि मग भट्टीवरचा धूर ओढून घेणारं यंत्र का बंद आहे तेही. आवळ्याचं तसं नाही. आवळा खायचा तो कामगाराने. नाही खाल्ला आणि हात कापायला लागला तर चूक त्याची. चांगल्या, खऱ्या, आपल्या आजी-पणजीने खाऊ घातलेल्या वस्तूंचा असा आडोसा केलेला मी पाहिला, आणि त्या आडोशाच्या बांधणीत माझ्याही फोनवरच्या विटा आहेत.

बाहेर आल्यावर राणीने रस्त्यावरच्या गाडीवरून संत्री घेतली. चिमीला सोलून देण्याआधी तिने बाटलीतल्या पाण्याने फळ धुतलं, मग स्वतःचे हात, मग नीलेशचे. तो हात पुढे करून उभा राहिला.

निघायच्या दिवशी मी कारखान्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयात अर्ज द्यायला गेले. राणी बरोबर होती. खिडकीतल्या माणसाने अर्ज वाचला आणि विचारलं की मयत व्यक्ती कारखान्यात कोणत्या पदावर होती. मी म्हटलं, पदावर नव्हती, कपडे धूत होती. म्हणजे कंत्राटी का? नाही, घरी. मग इथे कसं चालेल, तो म्हणाला. त्यांच्याकडे कामगारांचीच नोंद असते. त्याचं बोलणं उद्धट नव्हतं. त्याच्या वहीत खरोखरच ताईसाठी रकाना नव्हता. राणीने माझ्या कोपराला हात लावला आणि त्याला म्हणाली, ‘आता मी धुतो जी. माहं नाव लिहा. मले तर पाहू शकता ना तुमी.’ त्याने अर्ज ठेवून घेतला, शिक्का मारून पोच दिली.

परत आल्यावर

अर्जाचं उत्तर अजून आलेलं नाही. राणी मात्र दर रविवारी फोन करते, म्हणून पुढचं माहीत आहे.

नीलेशने नोकरी सोडली नाही. सोडून कुठे जाणार, हा प्रश्न मी त्याला विचारू शकत नाही. पण आता तो फाटकाजवळच्या नळावरच अंघोळ करतो, दुसरे कपडे घालतो आणि मग गाडीला किक मारतो. पहिले काही दिवस बाकीचे त्याला नवरदेव म्हणून चिडवत. मग चिमीचा अहवाल त्याने डब्याच्या सुट्टीत सगळ्यांना वाचून दाखवला. आता सात-आठ जण अंघोळीला रांगेत असतात. चिमीची दुसरी तपासणी झाली, शिसं थोडं उतरलं आहे. ती चालायला लागली. बोलत अजून नाही.

कंपनीनेही सुधारणा केली. लाडू आता चंदेरी कागदात गुंडाळून येतो, वर कंपनीचं नाव. काट्याजवळच देतात.

सगळ्यांत मोठी गोष्ट बायकांनी केली. राणी गल्लीतल्या घरोघर गेली, अहवाल घेऊन. सहा घरांनी गणवेश धुवायचं बंद केलं. आठवड्याचे मळके गणवेश गाठोड्यांत बांधून त्यांनी फाटकाशी नेऊन ठेवले. दोन दिवस गाठोडी तशीच पडली. सुरक्षारक्षकाने आधी धमकावलं, मग नाक दाबून बाजूला सरकवली. तिसऱ्या दिवशी कंपनीने धुलाईची सोय केली आणि बायकांनी पेढे वाटले. माझ्याही घरी मी साखर वाटली.

गेल्या रविवारी राणीचा फोन आला तेव्हा आवाज वेगळा होता. धुलाईची सोय म्हणजे काय, ते तिने जाऊन पाहिलं होतं. कारखान्यात एकही यंत्र बसवलेलं नव्हतं. पलीकडच्या वस्तीत एक बाई आहे, विधवा, तिला काम दिलंय. ती सगळे गणवेश घरी नेते आणि दारातल्या दगडावर धुते. तिला दोन लहान मुली आहेत.

राणी म्हणाली, ‘तिले वाटते तिचं नशीबच उघडलं, मावशी. काम सोड म्हणाले मी कोण? पण सांगतो जाऊन. चिमीचा कागद घेऊन चालली मी.’

मी तिला म्हटलं, थांब. वही ओढली, नव्या अर्जाचा कागद काढला आणि त्या बाईचं नाव विचारलं. राणीला ठाऊक नव्हतं. कंपनीत कोणालाच ठाऊक नव्हतं, ती म्हणाली; सगळे धुणेवाली म्हणतात.

‘मग आधी तिचं नाव विचार,’ मी म्हटलं, ‘आणि मुलींचीही.’